डाव्या टोकाचा पत्ता

७ जानेवारी

ती. ताई,

नमस्कार. आणि आधीच सांगते, पुढच्या सुट्टीत खाली याल तेव्हा हे पत्र बॅगेत घालून आणू नका. तुमच्या भावाला तुमची बॅग उघडून खाऊ शोधायची सवय अजून आहे.

मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे. तुम्ही डोंगरावरच्या वेधशाळेत ढग मोजत बसलेल्या, सामानाची जीप येईल तेव्हा टपाल, फोनवर नुसती खरखर. तुमच्यापर्यंत पोचलेली गोष्ट खाली गळायची भीती नाही, म्हणून तुम्हालाच.

मी पत्ते खेळते. हसू नका. राजा-राणी-गुलामवाले नव्हेत. या पत्त्यांवर चित्रं असतात. श्वापदं, वादळं, दिवा घेतलेली म्हातारी, समुद्राच्या तळाशी झोपलेलं शहर. असे हजारो पत्ते छापलेले आहेत. त्यातले साठ आपण निवडायचे, आपली गड्डी आपण बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी झुंजवायची. दोघांच्याही गड्डीत काय आहे ते दुसऱ्याला माहीत नसतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या प्लास्टर रूममध्ये एक वकीलबाई आल्या होत्या. स्कूटरवरून पडून दोन्ही हात कोपरापर्यंत मोडलेले. प्लास्टर मीच घातलं. वॉर्डात त्यांच्या मैत्रिणी खेळायला यायच्या, पण बाईंना पत्ते धरता येईनात. मग माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या मागे उभी राहून पत्ते धरायचे आणि त्या सांगतील तो टाकायचे. तिसऱ्या आठवड्यात मी म्हटलं, "हा नको, तो टाका." त्या मान वळवून माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "का?" मी कारण सांगितलं. ताई, माझ्या आयुष्यात मी सांगितलेलं कारण कुणी एवढं कान देऊन ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी कामावरून सुटले की त्या पत्त्यांच्या दुकानात जाते. घरी सांगते, गर्दी होती, चार हाडं जास्त मोडली आज.

आता मार्चच्या पहिल्या शनिवारी मोठी स्पर्धा आहे. तीन हजार माणसं येणार. वकीलबाईंनी माझं नाव घालून टाकलं. मी तुमच्या भावाला सांगणार आहे की प्लास्टरच्या नव्या पद्धतीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. तुम्ही सांभाळून घ्या.

तुमची भावजय

१९ जानेवारी

भावजयबाई,

तुझं पत्र पिठाच्या पोत्यावर बसून आलं. झटकून वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग आमच्या स्वयंपाक्याला विचारलं की पन्नाशीच्या बाईला असं काही होतं का. तो म्हणाला, त्याच्या काकाला झालं होतं, पण ते कबुतरांचं.

खेळ म्हणतेस तर खेळ. मी स्वतः तीस वर्षं ढगांकडे बघायचा पगार घेते, मी कुणाला हसू? पण खोटं कशाला? माझा भाऊ काही वाघ नाही. ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस आहे, शिकाऊ लोकांनी दिवसातून दहा वेळा भिंतीवर घालायला नेलं तरी ओरडत नाही. त्याच्यापासून तू पत्ते लपवतेस म्हणजे काहीतरी झालेलं आहे. काय झालंय ते लिही. नाही तर मी सांभाळून-बिंभाळून घेणार नाही.

इकडे परवा सकाळी एक गोष्ट घडली. ऊन माझ्या पाठीशी होतं आणि समोर दरीत ढग भरलेला. त्या ढगावर माझी सावली पडली. प्रचंड, पन्नास माणसांएवढी. आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी, एकात एक. याचं शास्त्र मला पाठ आहे. तरीही हातातली नोंदवही खाली ठेवली. मी हात वर केला तर ढगातल्या त्या बाईनंही केला. आजूबाजूला कुणीच नव्हतं. स्वयंपाकी पोळ्यांपाशी होता. त्याला ओरडून बोलावलं, तो येईपर्यंत संपलं. मग दिवसभर उगाच चिडचिड केली मी त्याच्यावर.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताई,

विचारलंत म्हणून सांगते, नाही तर सांगणार नव्हते.

सुरुवातीला माझी गड्डी मी स्वयंपाकघरात, वरच्या खणात ठेवली होती. तुमच्या भावाला सापडली. घरी पाहुणे होते, ह्यांचे दोन जुने मित्र आणि त्यांच्या बायका. हे गड्डी घेऊन बाहेर आले आणि एकेक पत्ता वाचायला लागले. "समुद्रतळाचा पहारेकरी!" "बघा, हा ज्वालामुखीचा जावई!" असा कुठलाही पत्ता नाही, तो ह्यांनी जोडला. सगळे पोट धरून हसले. हेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मला विचारलं, "कुणाच्या पोराचं गं हे?" मी म्हटलं, "एक पेशंट विसरून गेला." आणि मीही हसले, ताई. सगळ्यांच्या बरोबरीनं हसले. तेव्हापासून गड्डी प्लास्टर रूमच्या कपाटात, कापसाच्या गुंडाळ्यांमागे.

तुमचा भाऊ वाईट नाही हे मला ठाऊक आहे. त्यांना आठवतसुद्धा नसेल. म्हणूनच सांगवत नाही.

असो. तयारी जोरात आहे. माझी गड्डी सावकाश खेळणाऱ्यांची आहे. वकीलबाई धडाधड चढाई करतात, मला ते जमत नाही. मी मार खात बसते. समोरचा एकेक श्वापद टेबलावर मांडतो, माझे प्राण कमी करत जातो. दोघांनाही सुरुवातीला वीस प्राण असतात, संपले की हार. आणि माझ्या हातात एक पत्ता असतो, 'वादळ'. तो टाकला की टेबलावरचं सगळं साफ, त्याचं आणि माझंही. सगळी करामत एवढीच की तो कधी टाकायचा. लवकर टाकला तर दोनच श्वापदं मरतात आणि मागून चार येतात. उशीर झाला तर आपणच संपतो. टाकेपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. पेशंटच्या हाडाला हात घालताना जसा चेहरा ठेवते तसा ठेवते.

तुमच्या ढगातल्या बाईचं वाचून अंगावर काटा आला. हात वर केलात ते फार आवडलं.

प्रशिक्षणाचं ह्यांना सांगून झालंय. "अरे वा," म्हणाले, "प्रमाणपत्र देतात का?"

तुमची भावजय

१५ फेब्रुवारी

भावजयबाई,

घाईत लिहिते, जीपवाला खाली इंजिन चालू ठेवून उभा आहे. बर्फ फार पडलंय, यानंतर रस्ता बंद होईल. आज माझी दोन पत्रं घेऊन तो उतरतो आहे, एक तुझं.

खेळ नीट. जेवून जा. आणि वादळ लवकर टाकू नकोस.

ताई

शनिवार, ५ मार्च

ताई,

हे कार्ड हॉलच्या पायऱ्यांवर बसून लिहिते आहे, समोरच टपालपेटी आहे. सात फेऱ्या झाल्या. पाच जिंकल्या, दोन हरले. तीन हरल्या की उद्या खेळता येत नाही, म्हणजे आता शेवटच्या फेरीवर सगळं.

आणि वर प्रेक्षकांच्या बाकांवर, मागून दुसऱ्या रांगेत, तुमचे बंधू बसलेत. हातात तुमचं पत्र आहे. वेधशाळेचा पिवळा लिफाफा मी लांबूनही ओळखते.

तुम्ही सांगितलंत. एका माणसावर विश्वास ठेवला होता मी. फेरीची घंटा झाली.

१३ मार्च

भावजयबाई,

तुझं कार्ड आज मिळालं. रस्ता उघडल्यावर पहिल्या जीपनं. आठ दिवस तुला काय वाटलं असेल, त्याचाच विचार करते आहे. शेवटच्या फेरीचं काय झालं तेही मला माहीत नाही, आणि मला विचारायचा हक्क राहिलेला नाही.

हो, मी सांगितलं. तुझं पत्र वाचून आधी मला त्याचे कान उपटायचे होते. तेवढ्याचसाठी लिहायला बसले होते. पाहुण्यांपुढे हसलास ते आठवतं का, असं विचारलं. मग मला ढगातली बाई आठवली. गेल्या तीस वर्षांत मी इथे काय काय पाहिलंय ते मी कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं की लोक "हो का" म्हणतात. बरोबर उभं राहून "अगं बाई" म्हणणारं कुणी नव्हतं. तुझ्या बाबतीत ते होऊ नये असं वाटलं. तू तीन हजार माणसांत जाणार, आणि घरी येऊन प्रशिक्षण कसं झालं ते सांगत बसणार. मला ते बघवेना.

म्हणून मी त्याला लिहिलं: मागच्या बाकावर बस. तोंड उघडायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही. तिला दिसू नकोस. शेवटचं त्याला जमलं नाही, त्यात नवल नाही, लपाछपीत तो नेहमी पहिला सापडायचा.

पण गुपित तुझं होतं. ते उघडायचं की नाही हे तू ठरवायचं होतंस. मी चुकले. तू पुन्हा काही सांगितलं नाहीस तरी मी समजून घेईन.

तुझी नणंद

२० मार्च

ती. ताई,

रागावले होते. आता नाही. पूर्ण गेलाय असंही नाही, पण तुम्ही खाली याल तेव्हा तो काढू. आधी सगळं सांगते. आज रविवार, हे गाडी शिकवायला गेलेत, घर माझं आहे.

त्या दिवशी पहाटेच्या बसनं निघाले. हॉल म्हणजे काय सांगू, छत बघायला मान मोडावी लागत होती. टेबलांच्या रांगा अशा की पलीकडची माणसं पेन्सिलीएवढी दिसत होती. मला वाटलं होतं सगळी तरुण पोरंच असतील. पण माझ्या शेजारी एक गवंडी होता, नखांत सिमेंट. पलीकडे एक बाई, छातीशी बाळ बांधलेलं, ते झोपलेलं. एक आजोबा आणि त्यांची नात समोरासमोर आले होते पहिल्याच फेरीत आणि दोघंही जाम वैतागले होते. पंचांनी माइकवरून "सुरू करा" म्हटलं आणि तीन हजार माणसांनी एकदम गड्ड्या पिसायला घेतल्या. कबुतरांचा थवा उडाला आणि उडतच राहिला असा आवाज. माझे हात थांबले. एवढी माणसं! मला वाटत होतं ही माझी एकटीची, कापसामागे लपवायची गोष्ट आहे. आणि इथे एवढ्या सगळ्यांना तीच गोष्ट ठाऊक होती. समोरचा मुलगा म्हणाला, "मावशी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "फार बरं वाटतंय रे."

त्याला हरवलं. वकीलबाई तिसऱ्या फेरीपर्यंत गारद झाल्या आणि मग माझ्यामागे पाण्याची बाटली घेऊन फिरत राहिल्या. तुम्हाला कार्ड टाकून आत गेले तर पाटीवर माझं नाव एक नंबरच्या टेबलासमोर. एक नंबरचं टेबल म्हणजे मंचावर, वर कॅमेरा, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर ते टेबल दिसतं. समोर घड्याळजी. त्यांना सगळे असंच म्हणतात, धंद्यानं घड्याळं दुरुस्त करतात. दोनदा ही स्पर्धा जिंकलेत. त्या दिवशी त्यांचाही दोनदा पाय घसरला होता, म्हणून माझ्या वाट्याला आले. बारीक, शांत माणूस. हात मिळवला तर हात कोरडा आणि हलका. माझा घामानं ओला.

तीन डाव, दोन जिंकेल तो पुढे. मी मंचावर चढताना वर बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंच. हे तसेच बसलेले. मला वाटलं, आता उठतील आणि म्हणतील, चल घरी.

पहिला डाव मी जिंकला. ताई, तुम्ही म्हणाला होतात तसं वादळ धरून ठेवलं. विसातले तीन प्राण उरेपर्यंत मार खाल्ला. त्यांनी पाचवं श्वापद मांडलं आणि मी वादळ टाकलं. पडद्याखाली बसलेल्या माणसांतून एकदम "ओऽऽ" निघालं. मला आधी कळलंच नाही ते कशासाठी. माझ्यासाठी होतं.

दुसरा डाव त्यांनी घेतला, पटकन, मला श्वास घेऊ न देता.

तिसऱ्यात पहिल्याच खेपेला माझ्या हातात वादळ आलं. मनात म्हटलं, झालं. आणि घड्याळजींनी एक चिमणीएवढा पक्षी मांडला. त्यांच्या गड्डीतला सगळ्यात लहान पत्ता. एका वेळी एकच प्राण घेतो. मग पुढच्या खेपेला त्यांनी काहीच मांडलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. हातात पत्त्यांचा पंखा भरलेला, आणि टेबलावर तो एकटा पक्षी, टोच टोच. मी वाट बघतेय की ते आता मोठं काही काढतील. ते वाट बघतायत की मी वादळ पक्ष्यावर फुकट घालवीन. माझ्या हाती दुसरं कामाचं काही येत नव्हतं, आणि वादळ मी घालवीना. ते काढीनात. माझे प्राण एकेक करून चालले होते. मला कळत होतं काय चाललंय. वादळ टाकलं तर त्यांच्या हातातली सगळी फौज मोकळी होते. नाही टाकलं तर पक्षी मला खातो. दोन्हीकडून दार बंद, आणि ते त्यांनी इतक्या हळू, आवाज न करता लावलं होतं की मला राग येण्याऐवजी हसू आलं. खरंच हसले मी. घड्याळजींनी मान वर करून बघितलं आणि तेही हसले.

हरले, ताई. हातात वादळ तसंच होतं.

उठता येईना. हरल्याचं दुःख म्हणावं तर तसं नव्हतं. तुम्हाला ढगातली बाई दिसली तेव्हा झालं असेल, तसं काहीतरी. कुणीतरी माझ्या डोक्यात शिरून, तिथली प्रत्येक खोली बघून, काहीही न मोडता बाहेर गेलं होतं. घड्याळजी म्हणाले, "वादळ होतं ना? चौथ्या खेपेला कळलं." मी विचारलं, "कशावरून?" म्हणाले, "ते सांगितलं तर पुढच्या वर्षी मी काय करू?" आणि पुन्हा हात मिळवला. या वेळी त्यांचा हातही ओला होता.

खाली उतरले तर हे मंचाच्या पायरीशी उभे. मी आधीच म्हटलं, "हसायचं असेल तर गाडीत हसा." ह्यांनी माझी पिशवी घेतली. गाडीत बसलो, पट्टा लावला, आरसे तपासले, गाडी काढली. हमरस्त्याला लागल्यावर म्हणाले, "सकाळी आठपासून होतो मी."

"आठपासून?"

"ताईनं सांगितलं होतं दिसू नकोस. खांबामागे होतो. शेवटी पाय दुखले म्हणून बसलो."

मी सीटवर त्यांच्याकडे वळून बसले.

मग म्हणाले, "पडद्यावर तुझे हात दिसत होते. केवढे मोठे. मला कळायला वेळ लागला की ते तुझे आहेत. शेजारचा माणूस म्हणाला, बघा काय शांत हात आहेत बाईंचे. मी त्याला सांगितलं, माझी बायको आहे. त्याला खरं वाटेना." मग म्हणाले, "त्या पाहुण्यांच्या दिवशी मी जे केलं ना..." आणि वाक्य तिथेच सोडलं. मी पूर्ण करून दिलं नाही. मग त्यांनीच केलं. "ते वाईट होतं," म्हणाले.

गाडी चालत राहिली. बाहेर दुकानांवरचे दिवे लागायला लागले होते. बऱ्याच वेळानं ह्यांनी विचारलं, "शेवटच्या डावात तुझ्या हातात डावीकडे टोकाला एक पत्ता होता. तो कुठला?"

ताई, पडद्यावर हातातले पत्ते दिसत नाहीत, नुसती पाठ दिसते. मी विचारलं, "तुम्हाला कसं कळलं त्यात काही आहे?"

"बाकीचे सगळे तू इकडचे तिकडे करत होतीस. त्याला हात लावत नव्हतीस." आरशात मागची गाडी बघत म्हणाले, "काही लपवत असलीस की घरीही अशीच असतेस. सगळं घर आवरतेस, तेवढं सोडून. प्रशिक्षण आहे म्हणालीस ना, त्या दिवशी तू सगळी भांडी दोनदा घासलीस आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस."

म्हणजे तुमचं पत्र यायच्या आधीच त्यांना काहीतरी कळलं होतं. काय, ते तेवढं माहीत नव्हतं. आणि विचारलं नाही, कारण विचारलं तर मी आणखी एक खोटं बोलेन असं वाटलं, म्हणाले. दोनदा जिंकलेल्या माणसाला जे चार खेपा बघून कळलं ते ह्यांना मागच्या दुसऱ्या रांगेतून, खेळाचा ओ की ठो कळत नसताना दिसलं. सव्वीस वर्षं मला वाटत होतं हा माणूस फक्त रस्त्याकडे बघतो.

मग मी सांगायला लागले. वादळ म्हणजे काय, वीस प्राण कसे, पक्ष्यानं मला कसं खाल्लं. हे मध्ये मध्ये विचारत होते. प्रश्न अगदीच बाळबोध, पण एकही थट्टेचा नाही. आमच्या घराचं वळण आलं आणि गेलं. आयुष्यात कधी वळण न चुकवलेला माणूस, ताई, आणि सरळ पुढे निघाला. मला दिसलं, मी बोलले नाही. पुढचा चौकही गेला. ह्यांच्या कपाळाला आठ्या पडलेल्या, कशाचा तरी विचार चाललेला.

मग म्हणाले, "थांब. तो पक्षी मुळात आला कुठून? त्याच्या हातात किती पत्ते होते तेव्हा?"

मी पाय वर घेऊन सीटवर नीट मांडी घातली आणि पहिल्या पत्त्यापासून पुन्हा सुरुवात केली.

तुमची भावजय